नव्वदीचा वाढदिवस, ८२ पाहुणे आणि एक छोटी खोली: एका कुटुंबाचं प्रकरण

हे प्रकरण कुटुंबाच्या संमतीने लिहिलं आहे. खरी नावं दिलेली नाहीत आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. ज्येष्ठांची घरच्या घरी देखभाल करणाऱ्या कुटुंबांसोबत मी काम करते. आजींची नात सल्ला विचारायला आली तेव्हापासून कार्यक्रमानंतरचे काही आठवडे मी त्यांच्या संपर्कात होते.

आईवडिलांच्या मोठ्या वाढदिवसाचा विषय निघाला की घरोघरी पहिला वाद होतो तो आकड्यावर. पन्नास माणसं बोलवायची की शंभर? या कुटुंबाबरोबर काम करताना मला वेगळीच गोष्ट महत्त्वाची वाटली. एकूण पाहुणे किती हा प्रश्न मागे पडला. आजींसमोर एका वेळी किती जण येतात, किती अंतरावरून बोलतात आणि कोणाच्या मर्जीने येतात, यावर दिवस चांगला जाणार की नाही ते ठरलं.

पार्श्वभूमी

आजी ९० वर्षांच्या होणार होत्या. यजमान जाऊन सहा वर्षं झाली होती. चार मुलं आहेत. घरात त्यांना ज्या नावांनी हाक मारतात तीच इथे वापरते. थोरली ताई, वय ६८. तिच्यामागचा दादा परदेशात. मग माई. सगळ्यांत धाकटा भाऊ, आणि आजी त्याच्याकडे राहतात. रोजची देखभाल भाऊची बायको, म्हणजे वहिनी, करतात. नातवंडं ११, पतवंडं सात.

तब्येत वयाच्या मानाने बरी. डोकं तल्लख, मोठ्या अक्षरातलं सहज वाचतात. दोन्ही कानांना श्रवणयंत्रं आहेत. गुडघ्यांमुळे घरात वॉकर घेऊन चालतात, बाहेर चाकाची खुर्ची लागते. रक्तदाबाच्या गोळ्या चालू आहेत, शिवाय सकाळी लघवी जास्त होण्याची एक गोळी. जेवल्यावर दीड तास झोप लागतेच. सगळ्यांत ताज्यातवान्या असतात त्या सकाळी साडेनऊ ते दुपारी साडेबारा.

आजींची ऐंशी वर्षं पूर्ण झाली तेव्हाही मोठा समारंभ झाला होता. संध्याकाळी, व्यासपीठावर, चार तास. मुलांच्या आठवणीत तो झकास झाला होता. आजींच्या आठवणीत मात्र त्याचं चित्र निराळं होतं. ते पुढे कळलं.

अडचण

ताईने सहा महिने आधी विषय काढला तेव्हा आजी म्हणाल्या, "माझं काही करू नका."

या चार शब्दांचे चार मुलांनी चार अर्थ लावले. ताई म्हणाली, आई संकोचाने म्हणतेय, करायचंच. भाऊ म्हणाला, तिला खरंच नकोय, सोडून द्या. दादाला वाटलं की आईला न सांगता सगळं जुळवावं, आपण अचानक दारात उभं राहावं आणि तिचा चेहरा पाहावा. माईला खर्चाची धास्ती होती, पण ती तसं बोलली नाही. "साधंच करू," एवढंच म्हणाली. आईला पुन्हा विचारावं असं मात्र कोणालाच सुचलं नाही.

त्यात आणखी तीन गाठी होत्या. घराच्या वाटणीवरून दादा आणि भाऊ यांच्यात चार वर्षं बोलणं नव्हतं. दुसरं, पाहुण्यांची यादी ४० वरून ८२ वर गेली होती, कारण एकाला बोलवायचं तर दुसऱ्याला कसं वगळणार. आणि तिसरं, ज्या वहिनींना आदल्या रात्री गोळ्या द्यायच्या होत्या, सकाळी अंघोळ घालायची होती आणि दुसऱ्या दिवशीची दमणूक निस्तरायची होती, त्या ठरवणाऱ्यांच्या गटात नव्हत्याच. फोनवरच्या बैठका चार भावंडांच्या होत्या. हे मी कितीतरी घरांमध्ये पाहते. समारंभ ठरवतो एक, त्याचं ओझं वाहतो दुसरा.

पहिला निर्णय: प्रश्न बदलायचा

नातीला मी सुचवलं की "वाढदिवस करायचा का?" हा प्रश्न बाजूला ठेवावा. त्याला होय म्हटलं तर हौस दिसते, नाही म्हटलं तर मुलं नाराज होतात. वयस्क माणूस अशा प्रश्नाला बहुधा "काही नको" असंच म्हणतो. तिने घरी जाऊन विचारलं, "आजी, तुला कोणाकोणाला भेटायचंय?"

आजींनी वही मागितली. नोकरीत असताना त्या भांडाराच्या नोंदवह्या ठेवायच्या. वहीत रकाने पाडायची सवय अजून गेलेली नाही. त्यांनी तीन रकाने पाडले: "बोलायचं", "बघायचं" आणि "बोलवायलाच हवं".

पहिल्या रकान्यात १४ नावं आली. त्यांतली तीन कोणाच्याच यादीत नव्हती. एक नोकरीतली जुनी सहकारी, एक पूर्वीची शेजारीण, आणि यजमानांचा एक मित्र, जो घरातल्या कोणाला आता आठवतही नव्हता. दुसऱ्या रकान्यात सगळी पतवंडं. "त्यांच्याशी मी काय बोलणार, ती पळतात. पळताना बघायचीत." तिसऱ्या रकान्यात उरलेले सगळे. त्यांना न बोलवल्याने मनं दुखावतील हे आजींना पक्कं ठाऊक होतं. त्यांना बोलवू नका असं त्या म्हणत नव्हत्या. त्यांच्याशी मला गप्पा मारायला लावू नका, असं म्हणत होत्या.

त्याच बोलण्यात ऐंशीच्या समारंभाचा विषय निघाला. "त्या दिवशी मी कोणाशीच बोलले नाही," आजी म्हणाल्या. "लोक यायचे, वाकायचे, काहीतरी म्हणायचे, फोटो निघायचा, पुढचा यायचा. कान भरून गेले होते. मी नुसती हसत होते."

माझ्या मते या प्रकरणातला सगळ्यांत मोठा निर्णय इथे झाला. मुलांपुढे "करायचं की नाही" हा पेच उरला नाही. तीन रकान्यांचं काय करायचं, एवढंच उरलं. आजींचं म्हणणं लहर नाही, हेही मी मुलांना सांगितलं. स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या मानसशास्त्रज्ञ लॉरा कार्स्टेन्सन यांनी वाढत्या वयातल्या नात्यांचा दीर्घकाळ अभ्यास केला आहे. हाताशी उरलेला काळ थोडा आहे असं वाटू लागलं की माणूस ओळखींचा पसारा आपणहून आवरतो आणि मनाच्या जवळच्या मोजक्या माणसांना वेळ देऊ लागतो, असं त्या दाखवतात. बाहेरून ते एकलकोंडेपणासारखं दिसतं. प्रत्यक्षात ती निवड असते.

पर्याय तोलताना

चार पर्याय समोर होते.

पहिला, ताईचा: संध्याकाळी मोठ्या सभागृहात एकच समारंभ, नऊ भाषणं, जुन्या फोटोंची चित्रफीत. सगळे एकत्र येतील, ही त्याची जमेची बाजू खरी होती. दादासारखे लांबून येणारे वर्षानुवर्षं एकमेकांना भेटलेले नव्हते, आणि ही भेट त्यांच्यासाठीही तितकीच महत्त्वाची होती. पण संध्याकाळ ही आजींची सगळ्यांत थकलेली वेळ.

दुसरा, भाऊचा: घरातली १५ माणसं, एक दुपार. आजींना झेपलं असतं, पण त्यांचा तिसरा रकाना कोरा राहिला असता. आपल्यामुळे कोणी दुखावलं ही सल त्यांनीच पुढे वागवली असती.

तिसरा, दादाचा: सगळं गुपचूप. हा मी स्पष्टपणे नाकारायला सांगितला. रक्तदाबाच्या रुग्णाला धक्का नको हे एक कारण. पण त्याहून मोठं कारण असं की वाट पाहणं हा या वयातला फार मोठा आनंद असतो. दादा येणार हे तीन महिने आधी कळलं तर आजी तीन महिने त्या बातमीवर राहतात. शिवाय कान, पाय आणि गोळ्या सांभाळून जगणाऱ्या माणसाला दिवसाची तयारी करावी लागते. अचानकपणात ती संधीच मिळत नाही. दादा थोडा हिरमुसला, पण त्याने ऐकलं. आजींनी नंतर तारखांवर खुणा करायला भिंतीवरचं कॅलेंडर खाली काढून घेतलं, असं वहिनींनी सांगितलं.

चौथा पर्याय तीन रकान्यांवरूनच निघाला: एका दिवसाऐवजी दोन दिवस, आणि मोठ्या सभागृहासोबत शेजारची एक छोटी खोली. तोच पक्का झाला.

खर्चाचं वळण इथेच आलं. समान चार हिस्से, असं ताईने गृहीत धरलं होतं. माईला ते झेपणारं नव्हतं. नातीने तोडगा काढला: प्रत्येकाने आपल्याला जमेल तो आकडा ताईला एकटीला सांगायचा, ताईने तो कोणाला सांगायचा नाही, आणि बेरीज येईल तेवढ्यातच बेत बसवायचा. आधी बेत ठरवून मग वाटे पाडण्याची नेहमीची रीत उलटी केल्यावर माईचा विरोध आपोआप मावळला. तिने नंतर पत्रं गोळा करण्याचं सगळं काम अंगावर घेतलं.

कानांचा प्रश्न

यावर थोडं सविस्तर लिहिते, कारण बहुतेक घरांत हे कोणाच्या ध्यानातच येत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते साठीपुढच्या २५ टक्क्यांहून अधिक लोकांना जगण्यात अडचण आणणारी श्रवणहानी असते. नव्वदीत तर ज्याला नीट ऐकू येतं असा माणूस विरळा. वयानुसार आधी जातात ते उंच पट्टीचे आवाज. स, श, फ यांसारखी व्यंजनं पुसट होतात, स्वर ऐकू येत राहतात. म्हणून आवाज पोचतो पण शब्द कळत नाहीत. बायकांचे आणि मुलांचे आवाज आणखी अवघड जातात.

श्रवणयंत्राने हे सुटतं असा समज असतो. शांत खोलीत, समोरासमोर, एक-दोन हात अंतरावर ते उत्तम चालतं. भरल्या सभागृहात मात्र ते माणसाचं बोलणं वाढवतं तसा भांड्यांचा, खुर्च्यांचा आणि पलीकडच्या गप्पांचा आवाजही वाढवतं. त्यात माणसाची एक नैसर्गिक सवय भर घालते. गोंगाट असला की आपण नकळत आवाज चढवतो. फ्रेंच कान-नाक-घसातज्ज्ञ एत्येन लोंबार यांनी १९११ मध्ये हे मांडलं आणि हा परिणाम त्यांच्याच नावाने ओळखला जातो. एक टेबल मोठ्याने बोलू लागलं की दुसरं त्याच्या वर जातं, आणि अर्ध्या तासात सगळं सभागृह ओरडत असतं. सत्कारमूर्ती मधोमध बसून हसत राहते. आजींच्या "कान भरून गेले होते" याचा अर्थ हाच.

म्हणून छोटी खोली. तिला जाड पडदे आणि सतरंजी होती, त्यामुळे आवाज घुमत नव्हता. आजींची खुर्ची अशी ठेवली की उजेड समोर बसणाऱ्याच्या तोंडावर पडेल, आजींच्या डोळ्यांवर नाही. ओठ दिसले की अर्धं ऐकू येतं. समोर खुर्च्या फक्त तीन. माणसांच्या गप्पांचा एक गट क्वचितच चौघांच्या पुढे टिकतो, पाचवा आला की गट फुटतो, असं संशोधक रॉबिन डनबार यांचं निरीक्षण आहे. आजी धरून चौघं, हा हिशोब तिथूनच आला.

आखणी

आदल्या दिवशी सकाळी, घरीच, "बोलायचं" या रकान्यातली माणसं दोन-दोन करून आली. आजींची ८४ वर्षांची धाकटी बहीण आणि नोकरीतली सहकारी यांना सर्वाधिक वेळ. दादा आणि भाऊ आईजवळ वेगवेगळ्या वेळी बसले.

दोन भावांबद्दल ताईच्या मनात एक बेत होता. सगळ्यांसमोर दोघांना आईच्या दोन बाजूंना उभं करायचं, आपसूक बोलतील. आजींनीच तो मोडून काढला. "माझ्या वाढदिवशी त्यांचा निकाल लावू नका. दोघंही आले की झालं." मला हा निर्णय फार शहाणपणाचा वाटतो. समेटाचं ओझं त्या दिवसावर टाकलं असतं तर दोघांपैकी एकाने न येण्याची वाट शोधली असती. मग बसायच्या जागा वेगळ्या ठेवल्या, फोटोत दोघं असतील पण शेजारी नसतील, आणि मध्यस्थी कोणी करायची नाही असं ताईकडून कबूल करून घेतलं.

मुख्य दिवशी सकाळी साडेदहाला सुरुवात. पहिले दोन तास आजी छोट्या खोलीत, लोक तिघातिघांनी पंधरा-पंधरा मिनिटं. बाहेर यजमानपण ताईकडे. मग जेवण, आणि शेवटची ४० मिनिटं आजी सगळ्यांसोबत मोठ्या सभागृहात: तीन भाषणं, प्रत्येकी पाच मिनिटं, ध्वनिवर्धकावरून. दीडच्या सुमारास घरी.

सकाळच्या गोळीबद्दल वहिनींनी डॉक्टरांना आधीच विचारून ठेवलं. ती घेतल्यावर पुढचे काही तास सारखं उठावं लागतं, म्हणून अशा दिवशी परस्पर गोळी टाळण्याकडे घरच्यांचा कल असतो. ते धोक्याचं आहे. डॉक्टरांनी त्या दिवसापुरती वेळ बदलून दिली. सभागृह ठरवण्याआधी भाऊ टेप घेऊन गेला. दर्शनी पायऱ्या मिळून ३० सेंटिमीटर चढ होता आणि तिथे जेमतेम एक मीटरची फळी टाकलेली होती. चाकाच्या खुर्चीसाठी सर्वसाधारण प्रमाण एकास बारा, म्हणजे तेवढ्या चढाला ३.६ मीटर लांब उतार हवा. बाजूचं सामानाचं दार जमिनीलगत होतं. त्यातूनच आजींना न्यायचं ठरलं. ताईला ते कमीपणाचं वाटलं, आजींना अजिबात नाही. स्वच्छतागृह छोट्या खोलीपासून किती पावलांवर आहे, हेही वहिनींनी मोजलं.

पाहुण्यांसाठी एकच नियम होता. आजींसमोर बसल्यावर आधी स्वतःचं नाव आणि नातं सांगायचं. "ओळखलंस का मला?" हा प्रश्न पूर्ण बंद. प्रेमाने विचारलेला असला तरी ती परीक्षा असते. आणि नव्वदीच्या माणसाला ती ८२ वेळा द्यायला लावायची, हे मला क्रूर वाटतं. सगळ्यांच्या छातीवर मोठ्या अक्षरांत चिठ्ठी होती: "माईचा नातू", "शेजारच्या घरातली धाकटी".

नऊ भाषणांपैकी जी सहा रद्द झाली, त्यांची पत्रं झाली. खरं तर सगळ्यांनीच एकेक पान लिहिलं, अट अशी की त्यात आजींबरोबरचा एक ठरावीक प्रसंग हवा, नुसती स्तुती नको. माईने ती मोठ्या टंकात छापून एका फायलीत लावली. म्हातारपणी माणसं जुनं घोळवत बसतात याकडे एकेकाळी ऱ्हासाची खूण म्हणून पाहिलं जाई. अमेरिकी मनोविकारतज्ज्ञ रॉबर्ट बटलर यांनी १९६३ मध्ये ते मत खोडून काढलं आणि आयुष्याचा असा धांडोळा घेणं हे उतारवयातलं स्वाभाविक, गरजेचं काम आहे असं मांडलं. पत्रांमुळे आजींना ते काम आपल्या सवडीने, शांततेत करता येणार होतं. व्यासपीठावर ऐकलेलं भाषण हवेत विरतं.

वहिनींच्या हाती शेवटचा शब्द होता. आजींनी रुमाल उजव्या गुडघ्यावर ठेवला की "आता पुरे". ती खूण दिसली की वहिनींनी कोणालाही न विचारता खोली रिकामी करायची.

प्रत्यक्ष दिवस

पहिला तास आखल्यासारखाच गेला. यजमानांच्या मित्राने वहीतल्या रकान्याचं सार्थक केलं. दोघं बराच वेळ हसत होते, कशावर ते कोणालाच कळलं नाही. त्यांची पंधरा मिनिटं संपल्यावर वहिनींनी आणखी दहा दिली.

साडेअकराच्या सुमारास दाराशी गर्दी झाली. दारावर नात आणि तिचा चुलत भाऊ होते. नात्यातले एक वडीलधारे गृहस्थ आपल्या पाच माणसांसह आले आणि "आम्हाला काय रांग लावता?" म्हणत आत शिरले. त्या दोन पोरांची त्यांना अडवायची हिंमत झाली नाही. पाहून आणखी दोघं घुसले. खोलीत आजी धरून नऊ जण, सगळे एकदम बोलणारे. आजींनी उत्तरं देणं थांबवलं आणि त्या नुसत्या हसू लागल्या. ऐंशीच्या समारंभातलं तेच हसणं. रुमाल गुडघ्यावर आला. वहिनींनी खोली रिकामी केली, श्रवणयंत्रं काढून घेतली, पडदा ओढला. आजी पंचवीस मिनिटं डोळे मिटून बसल्या. त्यांनी उठून जेवण घेतलं तेव्हा सव्वा वाजला होता.

वेळापत्रक इथून घसरलं. तीन भाषणं झाली, चांगली झाली. पण फोटो शेवटी ठेवले होते आणि कोणकोणत्या गटांचे काढायचे हे ठरवलंच नव्हतं. मुलं, सुना, जावई, भाचरं, मग भाचरांची मुलं. गट वाढत गेले. छायाचित्रकाराने एका फोटोसाठी आजींना उभं राहायला सांगितलं आणि त्या राहिल्या. उभ्या राहताच चक्कर आली. मागे भाऊ होता, त्याने धरलं. खुर्चीवर बसवलं, पाय वर घेतले, पाणी दिलं. दोन मिनिटांत रंग परत आला. इजा झाली नाही.

हे अचानक घडलेलं वाटतं, पण वैद्यकाला ते चांगलं परिचित आहे. जेवणानंतर रक्त पचनसंस्थेकडे वळतं. तरुण शरीर रक्तवाहिन्या आवळून आणि हृदयाचा वेग वाढवून ते सावरतं, वृद्ध शरीर तितक्या चपळाईने सावरत नाही. जेवणानंतरच्या दोन तासांत वरचा रक्तदाब २० अंकांनी किंवा अधिक उतरू शकतो. रक्तदाबाच्या आणि लघवीच्या गोळ्या घेणाऱ्यांना धोका जास्त. त्यात सकाळपासून सारखं उठावं लागू नये म्हणून आजींनी स्वतःच पाणी कमी घेतलं होतं. ते त्यांनी कोणाला सांगितलं नव्हतं.

फोटो तिथेच थांबवले. मग एक गोष्ट घडली, जी आखणीत नव्हती. आजींना खिडकीशी नेऊन बसवलं, श्रवणयंत्रांचा आवाज त्यांनी स्वतःच कमी केला, आणि समोर पतवंडं पकडापकडी खेळत होती ती त्या अर्धा तास बघत राहिल्या. दुसरा रकाना असा पुरा झाला. घरी पोचायला मात्र तीन वाजले.

नंतर

दोन दिवस आजी जवळपास झोपूनच होत्या. भाऊ घाबरला होता, पण ताप नव्हता, खाणंपिणं ठीक होतं. तिसऱ्या दिवशी त्यांनी पत्रांची फाईल मागितली. रोज दोन पत्रं, त्याहून जास्त नाही, असा नियम त्यांनी स्वतःच घालून घेतला. काही पत्रांना उत्तरंही लिहिली. एका पत्रातला प्रसंग चुकीचा आहे, तो भाचा नव्हताच, त्याचा भाऊ होता, हे त्यांनी फोन करून सांगितलं.

आठवड्याने नातीने विचारलं, कसं वाटलं? आजी म्हणाल्या, आदला दिवस फार चांगला गेला. म्हणजे घरचा, दोन-दोन माणसांचा. मुख्य दिवसाबद्दल म्हणाल्या, "सगळे आले, बरं झालं." ताईला हे ऐकून वाईट वाटलं. मला वाटतं, वाईट वाटून घेण्यासारखं त्यात काही नव्हतं. मुख्य दिवस बऱ्याच अंशी कुटुंबासाठी होता आणि आजींना ते मंजूर होतं. आदला दिवस त्यांचा होता.

भावांचं बोलणं सुरू झालं नाही. मात्र आखणीच्या काळात वहिनींनी आजींच्या चोवीस तासांचा तक्ता लिहून सगळ्यांना पाठवला होता, दारावरच्या पोरांपासून डॉक्टरांपर्यंत सगळ्यांना उपयोगी पडावा म्हणून. रात्री तीनदा उठणं, पहाटेची गोळी, सगळं त्यात होतं. दादाने तो वाचला. परत गेल्यावर त्याने वहिनींना फोन करून आठवड्यातल्या तीन रात्रींसाठी मदतनीस ठेवायला सांगितलं आणि खर्च उचलला. त्याला भाऊने हरकत घेतली नाही.

वेगळं काय करता आलं असतं

कुटुंबासोबत बसून आम्ही हे पुन्हा तपासलं. फोटो जेवणाआधी, साडेअकराला, आजी बसलेल्या असतानाच घ्यायला हवे होते, आणि गट सहाच, आधी लिहून छायाचित्रकाराच्या हातात दिलेले. आजींना उभं करायचं नाही हे त्यालाही सांगायला हवं होतं. घरातल्या प्रत्येकाला ते माहीत होतं. बाहेरच्या माणसाला कोणी सांगितलं नाही.

दारावर पोरांना उभं करणं योग्य नव्हतं. पोरांनी कसूर केली म्हणून नाही. वडीलधाऱ्यांना नाही म्हणण्याचा अधिकार आपण त्यांना कधी देतच नाही. तिथे माईसारखी वयाने मोठी बाई हवी होती, किंवा नात्याबाहेरची परिचारिका, जिच्याशी कोणी हुज्जत घालत नाही. "बोलवायलाच हवं" या रकान्यातल्यांना छोट्या खोलीत पाठवायची गरजही नव्हती. आजी सभागृहात आल्यावर त्या एकेका टेबलापाशी खुर्चीतून फिरल्या असत्या तर सगळ्यांची भेट झाली असती आणि दारावर गर्दीच झाली नसती. हे वहिनींचं म्हणणं, आणि मला ते पटतं.

पाण्याचा हिशोब ठेवायला हवा होता. लघवीला उठावं लागेल या भीतीने वृद्ध माणसं समारंभात पाणी टाळतात, तसं सांगत नाहीत. स्वच्छतागृह जवळ आहे हे आजींना आदल्या दिवशी दाखवून आणलं असतं तर ती भीती कमी झाली असती.

आणि एक गोष्ट तर सगळ्यांच्याच नजरेतून सुटली. पाहुण्यांत पंचाहत्तरीपुढचे ११ जण होते. आजींसाठी खोली, पडदे, खुर्ची, सगळं होतं. त्या अकरांसाठी काहीच नव्हतं. आजींची ८४ वर्षांची बहीण चार तास कठीण खुर्चीवर बसली आणि परतीच्या गाडीची कोणी सोय केलेली नसल्याने संध्याकाळपर्यंत थांबून राहिली. नव्वदीच्या माणसाच्या पिढीतले लोक नव्वदीच्या आसपासचेच असणार. विसाव्याची दुसरी खोली आणि प्रत्येक वयस्क पाहुण्यामागे ने-आण करणारं एक ठरलेलं माणूस, हे आखणीच्या पहिल्याच पानावर हवं होतं.

एक्याण्णवाव्या वाढदिवसाचं आजींनी आत्ताच सांगून ठेवलं आहे: एक दिवस नको, तो महिना हवा, दर रविवारी सकाळी दोघं. वहीत नवीन पान काढून पहिल्या रविवारी बहिणीचं नाव त्यांनी लिहिलं आहे, आणि तिच्या परतीच्या गाडीचं काम भाऊकडे दिलं आहे.